ळ

फाइलीच्या माथ्यावर तीन ओळी होत्या,
रोमन अक्षरांत, चांदण्यांच्या चौकटीत:
कॉपीराइट, कंसात सी, दोन हजार आठ, के. जे. सुळगेकर.
वापरा, बदला, विका, वाटा.
एवढ्या ओळी मात्र राहू द्या.

उद्यमबागेत दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस, खाली फौंड्री.
दोनला ओतकाम सुरू झालं की
माझ्या चहावर बारीक तरंग उठतात.
मेणसेसाहेब खुर्चीमागं उभे राहून म्हणाले,
"वरचं ते काढून टाक की. आपलं नाव घाल.
फुकटचंच हाय न्हवं?"
मी म्हटलं, फुकट नाही, मोकळं आहे.
"एकच की ते."
आणि फोन आला म्हणून बाहेर गेले.

दोनशे अकरा ओळींचं काम साधं:
डेअरीच्या सभासदांची यादी लावायची,
मराठीत आणि कानडीत,
कुणाचं नाव कुणाच्या आधी.
यंत्राला ळ हा ल चा शेजारी वाटतो.
शाळेत आम्ही घोकलं होतं, श ष स ह ळ.
आमच्या गल्लीतली गंगव्वा कानडी शाळेत
तीच रांग म्हणायची, ळ शेवटीच.
सुळगेकरानं दोन्ही लिप्यांना एकच नियम लावला:
ळ ला उचल, ह च्या पुढं नेऊन बसव.
बाजूला टीप: "मास्तर असंच शिकवायचे. दोन्ही शाळांत."

कुठली ओळ कुणाची, हे विचारायचं
तर यंत्राकडं शब्द एकच आहे: ब्लेम.
जणू लिहिणं म्हणजे काहीतरी सांडून ठेवणं.
विचारलं.
दोनशे अकराच्या दोनशे अकरा ओळींपुढं
एकच उत्तर: ॲडमिन.
कुणीतरी पूर्वी सगळं उचलून नव्या फोल्डरात ओतलं होतं,
ओतताना मागचं जळून गेलं.

बाबा खालच्याच शेडमध्ये पॅटर्न करायचे, सागवानाचे.
पंपाचं झाकण झालं की आतल्या अंगाला,
कुणाला दिसणार नाही तिथं,
पटाशीनं तांदळाएवढा त्रिकोण.
वाळू तो घ्यायची, लोखंड वाळूकडून घ्यायचं,
मग निंगाप्पा ग्राइंडरनं घासून टाकायचा.
त्याचं काय चुकलं? त्याला गुळगुळीत करायचेच पैसे मिळत.
एकदा कडोलीत कुणाच्या विहिरीवरचा बंद पंप उघडला,
आत त्रिकोण शाबूत.
बाबा काही बोलले नाहीत.
बोटानं तेल पुसलं. दोनदा.

सुळग्याच्या डेअरीतून नंबर मिळाला.
पहाटे साडेपाचला लागला, मागं कॅनांचा खणखणाट.
मी वर्ष सांगितलं, फाइलीचं नाव सांगितलं.
"ते अजून चालतंय व्हय?"
पैसे किती, नाव कुठं, काही विचारलं नाही.
कुणाला तरी "तडी, तडी" म्हणून थांबवलं, मग,
"ळ शेवटी येतंय न्हवं?"
येतंय.
"मग बास."

बास नव्हतं.
मी ती ओळ पुन्हा वाचली.
आठ साली त्या फाइलीला दुसरी अक्षरं पचत नव्हती.
एस, यू, एल.
ज्यानं ळ ला त्याची जागा मिळवून दिली
त्याच्या नावात ळ नाही.

तिन्ही ओळी होत्या तशा ठेवल्या.
चौथी देवनागरीत लिहिली: कल्लाप्पा जोतिबा सुळगेकर.
पाचवी कानडीत,
गंगव्वाला फोन लावून, अक्षर न् अक्षर विचारून.
("कुणाचं लग्न ठरलंय?" ती म्हणाली.)
त्याखाली कंपनीचं नाव, कारण यंदाच्या एकोणीस ओळी आमच्या आहेत.

माझं नाव घातलं नाही.
शेवटल्या ओळीच्या टोकाला, कुणाला दिसणार नाही तिथं,
स्पेसबार एकदा दाबला. तांदळाएवढी मोकळी जागा.

असल्या जागा पुसणारं टूल रात्री अकराला आपोआप चालतं.
बघू.